हिंदे गुरु, मुंदे गुरि

आमच्या घरात दोन भाषा नांदतात, हे या सदराच्या वाचकांना आता ठाऊक झाले आहे. मी मराठीचा मास्तर, तर सौभाग्यवतींचे सगळे शिक्षण कन्नड शाळेत झालेले. मुलांना रागवायचे असले की ती कन्नडमध्ये रागावते आणि समजूत घालायची वेळ आली की मराठीत बोलते. तिच्या माहेरच्या घरी शुभकार्याच्या वेळी वडीलधारी माणसे मुलांना एक म्हण हमखास ऐकवतात : 'हिंदे गुरु, मुंदे गुरि'. मागे गुरू असावा आणि पुढे लक्ष्य असावे. मग माणूस वाट चुकत नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतून ही म्हण ऐकू येते. मीही लग्न झाल्यापासून ती ऐकत आलो आहे. पण गुरू 'मागे' का, पुढे का नाही, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला गेल्या मे महिन्यात, आपल्या गावापासून शेकडो मैल दूर, सौंसरला.

सौंसर हे माझ्या ताईचे सासर. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की सुमारे दोन तासांत हे गाव येते. राज्य मध्य प्रदेश, पण बाजारात, घरात, देवळात मराठी. तिथून तासाभराच्या वाटेवर पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचलेले असते. एकेकाळी या सगळ्या मुलखाची राजधानी नागपूरच होती. 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि ही गावे मध्य प्रदेशात राहिली. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पाट्या हिंदीत आणि भांडणे मराठीत, असा तिथला कारभार. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला तिथे परके वाटत नाही, ते यामुळेच.

भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक. थोडी संत्र्याची बाग राखून आहेत. आम्ही पोहोचलो त्या दिवशी बागेची पाने मलूल झालेली पाहून मी हळहळलो, तर ते हसून म्हणाले, "साळेबुवा, मुद्दाम पाणी तोडलंय. ताण दिल्याशिवाय मृगाचा बहार येत नाही." पाऊस पडला की फुले येतील आणि फळ हाती यायला पुढचा फेब्रुवारी-मार्च उजाडेल, असेही त्यांनी सांगितले. मी ते ऐकून घेतले आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी खरे काम काढले. तिथले एक मंडळ दरवर्षी तालुक्यांतल्या क्रीडा शिक्षकांमधून एकाला 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून गौरवते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि प्रमाणपत्र. निवड समितीत पाच जण. त्यातले एक गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले. "तुम्ही प्राध्यापक, शिवाय बाहेरगावचे. कोणाचे सोयरे ना धायरे. तुम्ही येऊन बसा फक्त," भाऊजी म्हणाले. माणसाला कोणी निःपक्ष म्हटले की तो फुगतो. मीही फुगलो आणि जाऊन बसलो.

तीन फायली होत्या. पहिलीत एका शिक्षकाच्या खेळाडूंनी जिंकलेल्या करंडकांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, पाहुण्यांबरोबरचे फोटो. काचेचे कपाट चषकांनी भरून गेले होते. दुसरी फाईलही बरी होती. तिसरी मात्र पातळ. पांढुर्ण्याच्या एका शाळेतल्या सरांची, जे मुलींना बास्केटबॉल शिकवतात. अर्ज त्यांनी केलाच नव्हता. त्यांच्या मुलींनीच वहीच्या रेघी पानांवर, निम्मे मराठी निम्मे हिंदी असे पत्र लिहून पाठवले होते. पत्रात जिंकलेल्या स्पर्धा थोड्याच होत्या. त्याऐवजी एक यादी होती. आजवर सरांकडे खेळलेल्या मुली आज काय करतात त्याची. कोणी नर्सिंगला, कोणी पोलीस भरतीच्या तयारीत, कोणी नागपूरला कॉलेजात. एकीपुढे लिहिले होते, 'हिचे दहावीनंतर लग्न ठरले होते. सर घरी जाऊन बसले. आता बी.कॉम. करते.'

मला ते पत्र आवडले. पण समितीच्या छापील तक्त्यात 'जिल्हास्तरीय यश', 'विभागीय यश', 'राज्यस्तरीय यश' असे रकाने होते आणि या यादीसाठी एकही रकाना नव्हता. मते पडली तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या फाईलीत दोन-दोन अशी बरोबरी झाली. माझे मत राहिले होते. मी तक्त्याकडे पाहिले, बेरीज केली आणि कपाटाच्या बाजूने मत दिले. बेरजेला कोण बोल लावणार? सगळ्यांनी चहा घेतला आणि बैठक संपली.

माझी भाची सौंसरच्या मुलींच्या संघात खेळते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा पांढुर्ण्याच्या मुलींशी मैत्रीचा सामना होता. "चला ना मामाजी, घरी बसून काय करता?" असे म्हणून तिने मला गाडीत घातले. सहाच्या सुमारास आम्ही मैदानावर होतो. सिमेंटचे अंगण, एका बाजूला तडा गेलेला. कड्यांना जाळी नव्हती. त्या तिसऱ्या फाईलीतल्या सरांना मी तिथे प्रथम पाहिले. चाळिशीच्या आतबाहेरचे, उन्हाने रापलेले, गळ्यात शिट्टी आणि हातात शंभर पानी वही.

खेळ सुरू झाला. आमचे सौंसरचे मार्गदर्शक रेषेवर पुढे उभे राहून ओरडत होते, आणि त्यात काही वावगे नाही, बहुतेक जण तसेच करतात. पांढुर्ण्याचे सर मात्र बसलेल्या मुलींच्या मागे उभे होते. मधून मधून वहीत काहीतरी लिहीत. त्यांची उंच, हुशार मुलगी खेळात रंगात आली असतानाच त्यांनी तिला बाहेर बोलावले आणि एका लहानखुऱ्या मुलीला आत पाठवले. ती नवखी आहे हे मलाही कळत होते. चेंडू तिच्या हाती फारसा आलाच नाही. पांढुर्णा हरले, आणि चांगल्या फरकाने हरले.

सामना संपल्यावर सरांनी मुलींना गूळ-चणे वाटले आणि वही उघडली. मला वाटले, कोणी किती गुण केले ते वाचतील. पण ते वाचत होते वेगळेच. चेंडू आपल्या हातून गेल्यावर बचावासाठी कोण किती वेळा परत धावली, याची त्यांनी खूण करून ठेवली होती. ती लहानखुरी मुलगी सतरा वेळा परत धावली होती. "सतरा!" असे सर म्हणाले तेव्हा सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीच्या चेहऱ्यावर काय होते ते मी लिहू शकत नाही. गुणफलकावर तिच्या नावापुढे शून्य होते, एवढे मात्र मी पाहिले होते.

चहा पिताना भाचीकडून कळले की सर 'अतिथी शिक्षक' आहेत. म्हणजे दर वर्षी शाळा उघडताना नवा आदेश येणार, आला तर. मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले असते तर ते अर्जाला जोडता आले असते. त्याने काम झालेच असते असे कोणी सांगू शकत नाही, पण गरीब माणसाच्या फाईलीत एक कागद वाढला असता. सरांना माझे मत ठाऊक नव्हते. मुलींनी पत्र लिहिले म्हणून ते संकोचून म्हणाले, "मला न विचारता पाठवलं जी त्यांनी. मागून कळलं." मी मान हलवली. सांगायचे धैर्य मला झाले नाही.

घरी परतल्यावर सगळी हकीकत सौभाग्यवतींना सांगितली. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे तुम्ही मत माणसाला दिलं नाही, कपाटाला दिलंत."

आमचे चिरंजीव बास्केटबॉलचे वेडे. अमेरिकेत रात्री सामना असला की आपल्याकडे सकाळ असते, तेव्हा हा मुलगा अभ्यासाला उठत नाही पण सामन्याला उठतो. त्याने माझी चूक ऐकून घेतली आणि म्हणाला, "बाबा, यात लाजण्यासारखं काही नाही. तिकडे एनबीएमध्ये शंभर जण मिळून हेच करतात." मग त्याने जे सांगितले त्यात मी पुढचे आठ दिवस बुडालो.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची साखळी. तीस संघ, प्रत्येकाचे हंगामात ब्याऐंशी सामने. 1962-63 च्या हंगामापासून तिथे दरवर्षी सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला जातो. पहिला मान सेंट लुईस हॉक्सच्या हॅरी गॅलाटिन यांना मिळाला. क्रीडा पत्रकार आणि समालोचक मते देतात. प्रत्येकाने तीन नावे क्रमाने लिहायची. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. मते साखळी सामने संपताच, बाद फेरीपूर्वी घेतली जातात. म्हणजे अंतिम विजेतेपद कोणाला मिळाले याचा या मताशी संबंध नाही.

या करंडकाला रेड आवरबाख यांचे नाव आहे. बोस्टन सेल्टिक्सचे हे प्रशिक्षक. त्यांनी नऊ वेळा विजेतेपद मिळवले, त्यातली आठ ओळीने, 1959 ते 1966. आणि वार्षिक पुरस्कार त्यांना किती वेळा मिळाला? एकदा, 1965 साली. ज्याच्या नावाचा करंडक, त्याच्या वाट्याला तो एकदाच आला. फिल जॅक्सन यांनी तर प्रशिक्षक म्हणून अकरा विजेतेपदे घेतली, त्यांनाही पुरस्कार एकदाच, 1996 साली. उलट जॉनी केर यांचे उदाहरण पाहा. 1966-67 मध्ये शिकागो बुल्स हा संघ नव्याने जन्माला आला. इतरांनी सोडलेल्या खेळाडूंची मोट. केर यांनी तिला घेऊन 33 सामने जिंकले आणि 48 हरले, पण बाद फेरी गाठली. त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचीच निवड झाली. जिंकण्यापेक्षा हरणे जास्त असूनही हा मान मिळालेले ते एकटेच.

हे वाचताना मी थबकलो. त्या पत्रकारांच्या डोक्यात माझ्या तक्त्यात नसलेला एक रकाना होता, 'सुरुवात कोठून केली'. गाडा किती लांब गेला हे तर पाहायचेच, पण तो चिखलात किती खोल रुतला होता हेही पाहायचे. म्हणूनच ज्याच्याकडे जगातले उत्तम खेळाडू आहेत त्याने जिंकले तर लोक म्हणतात, त्यात काय नवल? आवरबाख आणि जॅक्सन यांना हा मान एकेकदाच मिळाला याचे एक कारण हेही असावे.

पण या रकान्यातही एक खोट आहे, आणि ती मला अधिक शिकवून गेली. त्यासाठी सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची गोष्ट सांगायला हवी. 2013 पासून या संघाच्या मालकांच्या गटाचे प्रमुख आहेत विवेक रणदिवे. आडनाव वाचून आपले कान टवकारतात. मुंबईत जन्मलेले, तरुणपणी शिकायला अमेरिकेला गेलेले आणि संगणक व्यवसायात नाव काढलेले गृहस्थ. 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वरळीत एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेव्हा खेळलेल्या दोन संघांपैकी एक हाच होता.

या रणदिव्यांची त्याआधीची एक गोष्ट लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 साली लिहून प्रसिद्ध केली. त्यांची मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या संघाला कोणी मार्गदर्शक हवा होता, म्हणून बाप उभा राहिला. आयुष्यात बास्केटबॉल खेळलेला नव्हता. संघातल्या बहुतेक मुली नवख्या. दोन गोष्टी त्यांनी ठरवल्या. एक, मुलींवर आवाज चढवायचा नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या परक्या डोळ्यांना दिसली. अंगण 94 फूट लांब, मग गुण झाले की सगळे जण मागे हटून आपल्या कड्यापाशीच का उभे राहतात? सगळे अंगण का राखत नाहीत? त्यांच्या मुली पहिल्या क्षणापासून प्रतिस्पर्ध्यांना भिडत आणि चेंडू आत टाकूच देत नसत. यासाठी नेम लागत नाही, धावावे लागते. त्या मुली धावत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. हे वाचले तेव्हा मला पांढुर्ण्याच्या सरांची वही आठवली. 'सतरा!'

आता किंग्जकडे वळू. हा संघ सलग सोळा हंगाम बाद फेरीत गेला नव्हता. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या नशिबी आलेला नाही. 2022 मध्ये माईक ब्राऊन यांना प्रशिक्षक नेमले. आदल्या हंगामात 30 सामने जिंकलेल्या संघाने त्यांच्या पहिल्याच हंगामात 48 जिंकले आणि बाद फेरी गाठली. त्या वर्षी, 2023 साली, मतदारांपैकी प्रत्येकाने पहिल्या क्रमांकावर ब्राऊन यांचेच नाव लिहिले. शंभरपैकी शंभर. असे एकमत पुरस्काराच्या इतिहासात पहिल्यांदाच झाले.

आणि पुढे? 27 डिसेंबर 2024 रोजी, संघ 13 सामने जिंकून 18 हरलेला असताना, त्याच ब्राऊन यांना पदावरून दूर केले गेले. शंभर टक्के मतांपासून घरी बसण्यापर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत. ते काही एकटे नाहीत. डेन्व्हरच्या जॉर्ज कार्ल यांना 2013 मध्ये पुरस्कार मिळाला आणि महिन्याभरातच नोकरी गेली. टोरंटोच्या ड्वेन केसी यांची गोष्ट तर विचित्रच. 2018 च्या मे महिन्यात संघाने त्यांना काढले आणि जूनमध्ये त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा करंडक मिळाला. ज्या संघासाठी मिळाला, तो संघ तोवर त्यांचा राहिला नव्हता. ब्राऊन यांना 2025 मध्ये न्यूयॉर्क निक्सने नेमले, तेव्हा गुणी माणसाला काम मिळते हेही खरे. पण वर्षभराचे माप आणि माणसाचे माप यांत किती अंतर असते पाहा.

याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. वार्षिक पुरस्कार म्हटला की वर्षाच्या आत जे दिसले तेच मोजता येणार. शिकवण्याचे काम मात्र वर्षाचा हिशेब पाळत नाही. भाऊजींच्या बागेत मे महिन्यात कोणी परीक्षक आला असता तर मलूल झाडे पाहून त्याने नापासच केले असते.

एक गंमत सांगतो. बास्केटबॉलचा शोधही एका पीटीच्या सरांनीच लावला. जेम्स नायस्मिथ. 1891 च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे, थंडीमुळे बाहेर खेळता न येणाऱ्या दांडगट विद्यार्थ्यांना आत गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात मार्गदर्शक झाले. त्यांच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल मार्गदर्शकांत जिंकण्यापेक्षा हरणे जास्त असलेले एकटे नायस्मिथच आहेत, ज्यांनी खेळ जन्माला घातला! पण त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग अॅलन पुढे इतके मोठे प्रशिक्षक झाले की त्यांना या कलेचे जनक म्हणतात. माझ्या तक्त्यात नायस्मिथ बसले असते तर मी त्यांनाही तिसराच क्रमांक दिला असता.

आपल्याकडेही मार्गदर्शकांचे पुरस्कार आहेत. केंद्र सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 पासून दिला जातो आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. आपल्या भागातल्या तालमींना याचा अभिमान वाटावा. 1990 मध्ये रमाकांत आचरेकर सरांना तो मिळाला. मध्य प्रदेशात मार्गदर्शकांच्या राज्य पुरस्काराला विश्वामित्रांचे नाव आहे, तर उगवत्या खेळाडूंच्या पुरस्काराला एकलव्याचे. आपल्या कर्नाटकातही खेळाडूंना दिला जातो तो एकलव्य पुरस्कारच. गंमत अशी की ज्या शिष्याला द्रोणांनी शिकवायचे नाकारले आणि वर अंगठा मागून घेतला, त्याचे नाव खेळाडूंच्या पुरस्काराला, आणि गुरूच्या पुरस्काराला द्रोणांचे! द्रोणांचा अर्जुन जिंकला, म्हणून द्रोण मोठे. निवड समितीत बसलो असतो तर मीही द्रोणांनाच मत दिले असते. अर्जुनाची पदके तक्त्यात बसतात. नाकारलेल्या मुलाचा रकाना कोणीच छापत नाही.

पांढुर्ण्याच्या सरांनी मात्र त्या लहानखुऱ्या मुलीला आत पाठवले होते, सामना हरेल हे दिसत असताना. ते मागे का उभे होते, हे मला आता उमगते. पुढे उभ्या राहणाऱ्याला कडे दिसते आणि फलक दिसतो. मागे उभ्या राहणाऱ्याला मुली दिसतात. 'हिंदे गुरु' म्हणणाऱ्या कोणा जुन्या माणसाला हे ठाऊक असणार.

मी भाऊजींना सविस्तर पत्र लिहिले. माझी चूक कबूल केली. तक्त्यात दोन रकाने वाढवावेत असे सुचवले. पहिला, 'सुरुवात कोठून केली', म्हणजे मैदान कसे, साहित्य काय, मुले कोणत्या घरची. दुसरा, 'पाच वर्षांपूर्वीचे खेळाडू आज काय करतात', मग ते खेळात असोत वा नसोत. शक्य झाल्यास त्याच क्षेत्रातल्या इतर मार्गदर्शकांचेही मत घ्यावे असेही लिहिले. कारण एनबीएमध्ये 2017 पासून प्रशिक्षक स्वतःच आपल्यातला उत्तम निवडतात असा वेगळा पुरस्कारही आहे. ज्याचे जळते त्याला कळते. भाऊजींचा फोन आला. पहिला रकाना समितीने मान्य केला. दुसऱ्यावर 'पुढच्या बैठकीत विचार करू' असे ठरले. समित्यांचे असेच असते.

पण सांगायची गोष्ट पुढेच आहे. जुलैत त्या शाळेत कायमस्वरूपी शिक्षक रुजू झाले आणि सरांना दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागले. माझ्या एका मताने हे टळले असते असे नाही. प्रमाणपत्रे पुष्कळदा कपाटातच राहतात. तरीही जाताना त्यांच्या हातात तो एक कागद असायला हवा होता, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही. ती जावी असेही मला वाटत नाही. पुढच्या वेळी कोणी मला निःपक्ष म्हणून बोलावले तर ती उपयोगी पडेल.

वाचकहो, तुमच्याही शाळेत असे कोणी सर, कोणी बाई, तालमीतले कोणी वस्ताद असतील, ज्यांच्या नावावर चषक नसतील. त्यांच्यासाठी पुरस्कार सुरू करा असे मी म्हणत नाही. पण त्या पांढुर्ण्याच्या मुलींनी वहीच्या पानांवर लिहिले तसे पत्र आपल्यापैकी प्रत्येकजण लिहू शकतो. सरांकडे आपण काय होतो आणि आज काय करतो, एवढेच लिहायचे. मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये लिहा. सरांना दोन्ही वाचता येते.

परवा भाचीचा फोन आला होता. पांढुर्ण्याच्या मुली अजून पहाटे मैदानावर येतात म्हणाली. सरांनी जाताना ती शंभर पानी वही सगळ्यात मोठ्या मुलीकडे दिली आहे आणि आता ती खुणा करते. नुकताच पुन्हा एक सामना झाला. "कोण जिंकलं?" मी सवयीने विचारले.

"आम्हीच जिंकलो," भाची म्हणाली. मग थोडे थांबून, आवाज बारीक करून म्हणाली, "पण तिनं आमचंही लिहिलं होतं, मामाजी. मी नऊच वेळा परत धावली."